झालेल्या अपॉइंटमेंट डिलीट करू नका, बाजूला ठेवा

या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर जे दाखवलं, तेच इथे सविस्तर लिहून देतोय. दुकानात बसून करताना वाचायला सोपं जाईल.

आधी माझी चूक सांगतो. माझं वॉटर प्युरिफायर विक्री आणि सर्व्हिसचं दुकान आहे. एका काकांची एएमसी होती, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. ३,००० रुपये आणि वर्षात ४ व्हिजिट. वर्ष संपलं, काका म्हणाले, "आता पुढे नको." मी मोबाईलवर त्यांची दर तीन महिन्यांनी येणारी नोंद उघडली आणि डिलीट दाबलं. फोनने पर्याय विचारले, मी घाईत "सगळे इव्हेंट" निवडलं. कॅलेंडर स्वच्छ झालं म्हणून बरंही वाटलं.

दोन महिन्यांनी काका दुकानात आले. "चारपैकी दोनदाच आलात तुम्ही. दोन व्हिजिटचे पैसे परत द्या." मी कॅलेंडर उघडलं, तर पुढच्या तारखांबरोबर मागच्या चारही गेलेल्या. जो मुलगा सर्व्हिसला जायचा तो काम सोडून गेलेला. सही घेतलेली पावती नाही. १,५०० रुपये परत दिले. नंतर काकूंकडून कळलं, की काका गावाला गेले असताना आमचा मुलगा दोनदा येऊन गेला होता. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते, आणि मीही नाही. पण काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी असताना माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

तेव्हापासून एक नियम केला: काम झालं म्हणजे नोंद संपली असं नाही. काम झालं की तीच नोंद पुरावा होते. तो पुरावा नीट बाजूला ठेवणं, यालाच अर्काइव्ह करणं म्हणतात.

आता पद्धत बघू. मी गूगल कॅलेंडर वापरतो, कारण ते फुकट आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये आहेच. त्यात इव्हेंटसाठी "अर्काइव्ह" नावाचं बटण नाही. पण काम त्याशिवाय होतं.

१. दर आर्थिक वर्षाला वेगळं कॅलेंडर. संगणकावर डावीकडे "अदर कॅलेंडर्स"शेजारच्या अधिक चिन्हावर क्लिक करा आणि नवीन कॅलेंडर तयार करा. नाव द्या "सर्व्हिस २०२५-२६". त्या वर्षाची सगळी कामं त्यातच टाका. १ एप्रिलला पुढच्या वर्षाचं नवीन कॅलेंडर सुरू करा आणि जुन्याच्या नावापुढची टिक काढा. जुन्या नोंदी दिसायच्या बंद होतात, पण जागच्या जागी राहतात. कधी बघायचं झालं तर टिक परत लावायची, बस. फक्त टिकच काढा, कॅलेंडरच डिलीट करू नका!

२. एएमसीच्या ४ व्हिजिट, ४ स्वतंत्र नोंदी. आपोआप रिपीट होणारी नोंद सोपी वाटते, पण माझा घोळ तिथेच झाला. करार मार्चच्या पुढे जात असेल, तर एप्रिलनंतरच्या व्हिजिट नवीन वर्षाच्या कॅलेंडरात टाका. आधीच रिपीट लावून ठेवलं असेल आणि बंद करायचं असेल, तर पुढची येणारी तारीख उघडा, डिलीट करा आणि "हा आणि यापुढचे इव्हेंट" निवडा. मागचं शाबूत राहतं.

३. संध्याकाळी दोन ओळी. झालेल्या कामाच्या नावाआधी "झालं" लिहा. खाली वर्णनात लिहा: कोण गेलं, काय बदललं, किती पैसे घेतले, घरी कोण होतं. काम रद्द झालं तर नोंद उडवू नका, "रद्द" लिहा आणि कोणी रद्द केलं तेही लिहा. दुकान बंद करताना पाच-दहा मिनिटांत होतं. "घरी कोण होतं" ही एक ओळ माझ्याकडे असती, तर काकांचा आणि माझा वादच झाला नसता.

४. बदल करायचा हक्क मोजक्यांनाच. कॅलेंडर मुलांबरोबर शेअर करताना फक्त बघण्याची परवानगी द्या. बदलाची परवानगी असली, की चुकून का होईना, नोंद उडू शकते. आणि माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी शेअरिंग काढा. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत त्यात.

५. वर्षातून एकदा कॉपी. संगणकावर सेटिंग्जमध्ये "इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट"मध्ये जाऊन एक्स्पोर्ट करा. एक झिप फाईल उतरते, तिच्यात प्रत्येक कॅलेंडरची वेगळी आयसीएस फाईल असते. ती पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या ईमेल खातंच बंद पडलं, तरी ती फाईल दुसऱ्या कॅलेंडरात चढवता येते.

चुकून काही डिलीट झालंच, तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. संगणकावर सेटिंग्जच्या चाकावर क्लिक केलं की "ट्रॅश" दिसतं. तिथे नोंद साधारण ३० दिवस राहते, तेवढ्यात परत आणता येते. माझे दोन महिने उलटून गेले होते.

मग डिलीट काहीच करायचं नाही का? करायचं ना. दोनदा पडलेली नोंद, चुकीच्या नावावर टाकलेली नोंद खुशाल उडवा. आणि एक लक्षात ठेवा, कॅलेंडर म्हणजे हिशोबाची वही नाही. जीएसटी नोंदणी असेल, तर त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने बिलं आणि हिशोब जपावे लागतात. ते वेगळं सांभाळा.

याचा फायदा फक्त भांडणात होतो असंही नाही. एप्रिलमध्ये मी गेल्या वर्षाच्या कॅलेंडरची टिक लावतो आणि एकेक महिना बघत जातो. कोणाची एएमसी संपून गेली आणि आपण फोनच केला नाही, ते लगेच दिसतं. नवीन गिऱ्हाईक शोधायला जाहिरात लागते, जुन्याला एक फोन पुरतो.

आज एवढंच करा: या वर्षाच्या नावाचं एक कॅलेंडर उघडा आणि आज झालेल्या कामांपुढे "झालं" लिहा. अडलं तर व्हिडिओखाली विचारा, मी उत्तर देतो. भेटू पुढच्या आठवड्यात!