चिंचोक्यांचे फासे, इंचभराचे सैनिक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. दगड-विटा रचायच्या, वर ओलं पोतं टाकायचं, त्यावर चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि हिरवळ उगवली की कुंभाराकडून आणलेली चित्रं मांडायची. माथ्यावर महाराज, बुरुजांवर मावळे, गुहेत वाघ आणि पायथ्याशी दरवाजापेक्षाही उंच अशी एक गवळण! बहुतेक घरांत किल्ला पाहुण्यांना दाखवण्यासाठी असे. पण त्याच किल्ल्यावर चित्रांची लढाई लावून, हार-जीत ठरवणारी मुलंही होती. मी त्यांच्यापैकी एक. आज मला या छोट्या सैन्यांच्या खेळाविषयी आणि त्याच्या जगभरच्या भावंडांविषयी बोलायचं आहे.

१९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागे. तेव्हा आम्ही डहाणूला राहत होतो. वडील नोकरीनिमित्त तिथे आले होते आणि किल्ल्याची हौस आम्ही पुण्याहून बरोबर आणली होती. आमच्या आळीत किल्ला करणारी घरं मोजकीच, त्यामुळे चित्रंही तिथे मिळत नसत. आजोळहून आणलेले वीस-पंचवीस मावळे एवढीच फौज. मग शत्रू कुठून आणायचा? डहाणू-घोलवड म्हणजे चिकूच्या वाड्यांचा मुलूख. काळ्याभोर, चकचकीत बिया हव्या तेवढ्या. सहा बियांची एक तुकडी ठरली. तलासरीकडच्या पाड्यावरून आलेला एक वर्गमित्र चिखलाचे घोडे झोकात करी. त्याचं घोडदळ झालं. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका मुलाकडे ‘लिओ’चा ही-मॅन होता. तो आमच्या बुरुजापेक्षा उंच! त्याला आम्ही घटोत्कच केलं.

आता लढाई म्हटली की नियम आले. मावळ्याने एका वेळी एक वीत चालायचं, घोड्याने दोन. पण वीत कोणाची? यावर भांडण झालं, तेव्हा खराट्याची एक काडी मोडून तेच सगळ्यांचं माप ठरलं. चिंचोके मधोमध फोडून चार अर्धुकं टाकायची. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके शत्रू बाद. ब्रह्मास्त्र एका लढाईत एकदाच. घटोत्कच मेला तर ज्या बाजूला पडेल, तिकडची तुकडी चिरडली जाणार, हा नियम तर थेट महाभारतातलाच. ज्याला नियम पटत नसे, तो ‘टाइम प्लीज’ म्हणे आणि चर्चा होई. एकदा ठरल्यावर मोडला, तर तो रडीचा डाव.

हे आपलंच पोरकट वेड, अशी माझी समजूत होती. पुढे पुतण्या इंग्लंडला नॉटिंगहॅममध्ये शिकायला गेला. त्याला भेटायला गेलो असताना त्याने मला एका सभागृहात नेलं. तिथे पन्नाशीचे गृहस्थ मोठाल्या टेबलांभोवती वाकून उभे होते. टेबलांवर स्पंजच्या टेकड्या आणि जेमतेम इंचभर उंचीचे, धातूचे, हाताने रंगवलेले सैनिक. एकीकडे बुटके, राक्षस आणि ड्रॅगन. दुसरीकडे अंतराळातले चिलखती योद्धे. एकाने टेपने अंतर मोजलं, मूठभर फासे टाकले, आणि लगेच वाद सुरू झाला. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

या खेळाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने युद्धाचा सराव करण्याची पद्धत सादर केली. तो खेळ नव्हे, अधिकाऱ्यांचं शिक्षण होतं. त्याला गंमत मानलं एच. जी. वेल्स यांनी. मंगळावरच्या स्वारीची विज्ञानकथा लिहिणाऱ्या या लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक काढलं. त्यात खेळण्यातली स्प्रिंगची तोफ लाकडी गोळे मारून शिशाचे सैनिक पाडत असे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध कितीतरी बरं, असं ते सांगत होते. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

अद्भुतरसाची भर नंतर पडली. १९७१ मध्ये अमेरिकेत ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमांना राक्षस आणि जादूगारांची पुरवणी जोडली गेली. त्यातूनच १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मलं. इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये त्याची अंतराळातली आवृत्ती ‘वॉरहॅमर ४०,०००’ बाजारात आणली. नॉटिंगहॅम हेच आज या कंपनीचं मुख्य ठाणं.

आता प्रश्न असा, की नवे, सुबक प्लास्टिकचे सैनिक दुकानात मिळत असताना ही मंडळी चाळीस वर्षांपूर्वीचे ओबडधोबड सैनिक का शोधतात? जुना रंग खरवडून पुन्हा का रंगवतात? निव्वळ बालपणाची ओढ, एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जुन्या नियमांत मोकळ्या जागा होत्या. लढाईची गोष्ट रचायला आणि वाद मिटवायला तिसरा माणूस, म्हणजे पंच लागे. हवी ती वाहनं विकत मिळत नसत. घामाच्या वासावर लावायच्या कांडीच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा कसा करावा, हे कंपनीच सांगत असे. थोडक्यात, खेळ निम्मा खोक्यात होता, निम्मा खेळणाऱ्याने करायचा होता. २०१५ मध्ये कंपनीने आपलं जुनं अद्भुत जग बंद केलं, तरी या लोकांचा खेळ थांबला नाही. सैनिक त्यांचे होते, पुस्तकं त्यांच्याकडे होती, आणि नियम दोघांनी मान्य केले की झालं! २०२४ मध्ये कंपनीने ते जग ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने परत आणलं.

मला वाटतं, आपली हुरहुर खरी त्या मोकळ्या निम्म्या जागेसाठी असते. आज किल्लाही तयार मिळतो, प्लास्टरचा. मोबाइलवरच्या लढाईत नियम यंत्राच्या पोटात असतात. तिथे हरता येतं, जिंकता येतं. पण ‘हे बरोबर नाही, आपण नियम बदलू’ असं म्हणता येत नाही. भांडून, मग एकमताने ठरवून, ते हरतानाही पाळणं, ही लोकशाहीची पहिली इयत्ता आहे. ती मुलांच्या हातून निसटू नये.

डहाणू तालुक्यातच याची वाट दाखवणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांची वाट पाहिली नाही. शिंपले, खडे, बिया, पानं, परिसरात जे मिळेल तेच त्यांनी मुलांचं शैक्षणिक साहित्य केलं.

तेव्हा पालकांना माझी एक विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलांना बुटांचं एक रिकामं खोकं द्या. त्यात बिया, शंख, काड्या आणि फोडलेले चार चिंचोके ठेवा. नियम मात्र त्यांचे त्यांना करू द्या. आणि आरडाओरडा ऐकू आला, तर लगेच मध्ये पडू नका. खेळ रंगात आला आहे, एवढंच समजा.