दिवा धरणारे आणि दिवे लावणारे

एकोणिसाव्या शतकातील युरोपात माणसाच्या आकाराची शमादाने दिसत. ती पितळेची किंवा चिनी मातीची असत. त्यांतल्या काहींचे चेहरे ओळखीच्या राजकारण्यांचे असत. नाक वाढवलेले, पोट फुगवलेले. दिवा धरणे हे नोकराचे काम. देश चालवणारा माणूस आपल्या मेजावर मेणबत्ती धरून निमूट उभा आहे, ही त्यातली गंमत. मेणबत्ती विझवण्याच्या शंकूसारख्या टोपणालाही राजकीय अर्थ चिकटला होता. १८१५च्या सुमारास पॅरिसच्या ‘ल नँ झोन’ या नियतकालिकाने ‘विझवणी’च्या सरदारांचा एक काल्पनिक वर्गच काढला आणि ज्ञानाचा उजेड नकोशा झालेल्या मंडळींना त्यात मानाने दाखल केले.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत समया सापडतात, लामणदिवे सापडतात, हाती पणती घेतलेली दीपलक्ष्मी सापडते. थट्टेचा दिवा मात्र सहसा आढळत नाही. मग मराठी माणूस सत्तेला हसतच नव्हता काय?

उत्तरासाठी जालना जिल्ह्यातल्या असईला जाऊ. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याने लढाई जिंकली, पण त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८२८ साली इंग्लंडचा पंतप्रधान झाला. लंडनने त्याला डोक्यावर घेतले आणि यथेच्छ हसूनही घेतले. १८२७ साली विल्यम हीथ या चित्रकाराने त्याला चक्क एका बुटातून डोके काढलेला दाखवला. त्याच्या चेहऱ्याचे मातीचे जगही निघाले. असईचा विजेता असा लोकांच्या फडताळात जाऊन बसला.

पराभूत बाजूचे काय झाले? असईला हरलेले नागपूरकर दुसरे रघूजी भोसले. त्यांच्या पत्नी बाकाबाई इंग्रजांना मिळाल्या, हा राग नागपूरकरांनी मनात ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, निघणारी काळी मारबत म्हणजे बाकाबाईच, असे तिथे मानतात. ही मिरवणूक १८८१पासून, तर पिवळी मारबत १८८५पासून निघते, असे सांगितले जाते. सोबतचे बडगे दरवर्षी नवे असतात आणि त्या-त्या वर्षीच्या पुढाऱ्यांची, महागाईची, भ्रष्टाचाराची खिल्ली उडवतात. शेवटी हे सारे गावाबाहेर नेऊन जाळतात.

म्हणजे व्यंगमूर्ती आपणही घडवल्या. पण त्यांच्या हाती दिवा दिला नाही, त्यांनाच पेटवले. कारण आपल्याकडे दिवा धरणे ही चाकरी असली, तरी देवापुढे तीच सेवा आणि मान ठरते. तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या अम्मुनूबाईने प्रतापसिंहाशी लग्न व्हावे म्हणून तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामींना लक्षदीपांचा नवस बोलला होता. इच्छा पुरी झाल्यावर तिने लाख दिवे लावले आणि त्यांतला एक म्हणून स्वतःचीच दीपधारी धातुमूर्ती देवापुढे उभी केली. जिथे राजस्त्रीला दिवा धरण्यात धन्यता वाटते, तिथे बदनाम पुढाऱ्याच्या हाती तो देऊन त्याची फजिती कशी होणार?

दिव्याची थट्टा मराठीने केली ती बोलण्यात. वंशाचा दिवा बिघडला की तो ‘दिवटा’ होतो. सत्तेवर बसून कोणी काही केले नाही, की आपण विचारतो, ‘काय दिवे लावले?’ युरोपने पितळेत ओतलेला विनोद आपण दोन शब्दांत केला.

अडचण पुराव्याची आहे. पितळ आणि चिनी माती टिकते, संग्रहालयात जाते, तिच्यावर ग्रंथ निघतात. जळलेल्या बडग्याची राख उरते आणि बोललेला शब्द हवेत विरतो. केवळ कपाटातल्या वस्तूंवरून इतिहास लिहिला, तर आपले पूर्वज राज्यकर्त्यांपुढे मुकाट बसले होते असेच वाटेल. म्हणून मारबतीपुढच्या घोषणा, दरवर्षीच्या बडग्यांचे विषय, गावोगावच्या धुळवडीतली सोंगे आणि आजीच्या तोंडच्या अशा म्हणी नोंदवून ठेवायला हव्यात. आपली व्यंगशिल्पे तिथेच आहेत.