थकव्याचा हिशेब: स्टार्टअपमधल्या बर्नआऊटविषयी सहा गैरसमज

पुण्यात बाणेर-बालेवाडीला किंवा बंगळुरूच्या कोरमंगल्यात स्टार्टअपमध्ये सात-आठ वर्षं काढलेली बरीच मंडळी आता पस्तिशीच्या आसपास आहेत. २०२१ मध्ये भारतातल्या चाळीसहून अधिक कंपन्या नव्याने अब्ज डॉलरच्या पंक्तीत बसल्या, तेव्हाची धडाक्यातली भरती त्यांनी पाहिली. २०२२ पासून गुंतवणुकीचा ओघ आटला आणि शेजारची खुर्ची एका रात्रीत रिकामी होतानाही त्यांनी पाहिली. आता घरचे विचारतात, "पगार तर चांगला आहे, मग बिघडलंय कुठे?" या प्रश्नाची जी उत्तरं सर्रास दिली जातात, त्यांतली बरीचशी चुकीची आहेत.

गैरसमज १: बर्नआऊट म्हणजे अतिशय थकवा.

वस्तुस्थिती: थकवा हा त्याचा एक तृतीयांश भाग. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआऊट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात तीन गोष्टी तपासल्या जातात: शक्ती संपणं, कामाविषयी आणि माणसांविषयी तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही घडतंय हा विश्वास उडणं. रिलीजच्या आठवड्यात जागरणं करून रविवारी भरपूर झोपणारा आणि सोमवारी ताजातवाना येणारा इंजिनिअर फक्त दमलेला असतो. दुसरा एखादा वेळेवर कोड देतो, पण ग्राहकाची तक्रार आली की 'असू दे' म्हणतो आणि टाऊन हॉलमध्ये फाउंडर नवी स्वप्नं दाखवू लागले की कॅमेरा बंद करून नोकऱ्या शोधतो. काम होत असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. खरी काळजी त्याची करायला हवी.

गैरसमज २: हे कच्च्या दमाच्या पिढीचं दुखणं आहे.

वस्तुस्थिती: हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेवर पहिला गाजलेला लेख लिहिला तो १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबणारे कार्यकर्ते त्याच्या डोळ्यांपुढे होते, आणि तो स्वतःही त्यांच्यातलाच होता. या अवस्थेचा धोका सर्वांत जास्त कोणाला, याचं त्याचं उत्तर होतं: जे झोकून देतात त्यांना. स्टार्टअप नेमकी अशीच माणसं निवडून घेतो. मुलाखतीतच 'आम्हाला नोकरी करणारे नकोत, जग बदलणारे हवेत' असं सांगितलं जातं. ज्याने हे ऐकून मान डोलावली आणि पगारापुरतंच काम केलं, तो सहसा टिकतो. ज्याला ते मनापासून पटलं, तो आधी कोसळतो.

गैरसमज ३: लांबलचक सुट्टी घेतली की सगळं ठीक होतं.

वस्तुस्थिती: सुट्टीने बरं वाटतं, यात शंका नाही. पण १९९७ मध्ये मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन यांनी इस्रायलमधल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर अभ्यास केला, तेव्हा कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत बर्नआऊट पुन्हा पहिल्या पातळीवर आलेला आढळला. परतून तोच लॅपटॉप, तीच डेडलाईन आणि तेच रात्री अकराचे मेसेज असतील, तर गोव्याची हवा फार पुरत नाही.

गैरसमज ४: प्रश्न फक्त तासांचा आहे.

वस्तुस्थिती: तासांचं महत्त्व कमी नाही. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला आणि देशभर वाद झाला. त्याआधीच, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी संयुक्त अभ्यासातून सांगितलं होतं की ३५-४० तासांच्या तुलनेत आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

तरीही मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांच्यातल्या बेबनावाच्या सहा जागा सांगितल्या, त्यांत कामाचा बोजा ही एकच. उरलेल्या पाच म्हणजे निर्णयांवरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. चार महिने खपून उभं केलेलं प्रॉडक्ट गुंतवणूकदाराच्या एका बैठकीनंतर 'पिव्होट' म्हणून गुंडाळलं जातं, तेव्हा ताबा जातो. 'आपण एक फॅमिली आहोत' म्हणणारी कंपनी दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर निम्मी टीम घरी पाठवते, तेव्हा उरलेल्यांचाही न्यायावरचा विश्वास उडतो. असा माणूस सहाला घरी पोचला, तरी जळतच राहतो.

गैरसमज ५: ईसॉप आहेत ना? कंपनी विकली की सगळं वसूल.

वस्तुस्थिती: स्टार्टअपमधला सर्वांत कडवट भ्रमनिरास इथे होतो. ईसॉप म्हणजे शेअर नव्हेत; ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा तो हक्क. भारतीय नियमांनुसार तो मिळाल्यापासून किमान एक वर्ष वापरता येत नाही, आणि पूर्ण हक्क हाती यायला साधारण चार वर्षं लागतात. त्यानंतर तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली कराची. दहा रुपयांना घेतलेल्या शेअरचं त्या दिवशीचं मूल्य ४०० रुपये ठरलं, तर मधले ३९० रुपये पगारात धरून त्यावर कर लागतो, मग शेअर विकलेला नसला आणि त्याला गिऱ्हाईकही नसलं तरी. २०२० च्या अर्थसंकल्पाने ठरावीक पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण शेअर विकला किंवा नोकरी सोडली की ती संपते.

दुसरी मुदतीची. अनेक कंपन्यांत नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला थोडेच महिने मिळतात. त्यात पैसे उभे करता आले नाहीत, तर हक्क बुडतो.

तिसरी रांगेची. गुंतवणूकदारांचे शेअर बहुधा अग्रहक्काचे असतात. समजा, त्यांनी ५० कोटी घातले आणि कंपनी ४० कोटींना विकली गेली. करारात आधी मूळ रक्कम परत करण्याची अट असेल, तर ४० कोटी त्यांच्याकडे जातात आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला शून्य येतं. कागदावरचं मूल्य किती झपाट्याने विरतं, हे बायजूजने दाखवलं: २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्याची ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

गैरसमज ६: कडवट झालेला माणूस आजारी तरी असतो किंवा पळपुटा तरी.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआऊटला आजार म्हटलेलं नाही; कामाच्या ठिकाणच्या, न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी स्थिती, अशी त्याची नोंद आहे. नैराश्य वेगळं. उदासी कामापुरती न राहता जेवणात, झोपेत, मुलांशी खेळण्यातही उतरली आणि दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टर गाठावा. जगणं नकोसं वाटू लागलं, तर दोन आठवडेही थांबू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

आणि भ्रमनिरास? ज्याला फाउंडरच्या स्वप्नामागचे आकडे वाचता येऊ लागलेत, तो नकारात्मक झालेला नाही. उशिरा का होईना, व्यवहार समजलेला आहे. बोजा जास्त असेल, तर मॅनेजरशी बोलून काम कमी करून घेता येतं. मोबदला अन्यायाचा असेल, तर वाटाघाट करता येते. मूल्यंच जुळत नसतील, तर योगवर्ग आणि मेडिटेशन ॲप यांनी काही साधत नाही. बाहेर पडणं हाच शहाणपणा. फक्त राजीनामा टाईप करण्याआधी ईसॉपचं ग्रँट लेटर पुन्हा वाचावं, नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला किती दिवसांची मुदत आहे ते एचआरकडून लेखी घ्यावं आणि कराचा आकडा सीएकडून काढून घ्यावा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कंपनीचा रनवे, म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल ते, मोजला, आता स्वतःचा मोजायला हरकत नाही.