बाहुलीला हाडं असतात

१९७९ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रिअर लँक्टनने माणसाएवढी एक बाहुली करायला घेतली. तिचं नाव सिसी. पुढची सतरा वर्षं, म्हणजे लँक्टनच्या मृत्यूपर्यंत, सिसी पुरी झालीच नाही. ती पुन्हा पुन्हा उसवली जाई. कधी हडकुळी होई, कधी अंगाने भरे. चेहरा नव्याने रंगवला जाई, केस बदलत. त्याच १९७९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लँक्टनवर लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली होती. हा योग इतका बोलका आहे की तिच्या बाहुल्या बहुतेकदा आत्मचरित्र म्हणूनच वाचल्या गेल्या. त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यावरच थांबलं, तर तिची कारागिरी नजरेआड होते.

लँक्टनचा जन्म १९५८चा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या मोटार कारखान्यांच्या शहरातला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. बालपण शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये गेलं. घरात सगळे तिला मुलगा समजत होते. मिळेल त्या वस्तूंपासून बाहुल्या करण्याचा नाद मात्र तेव्हापासूनचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत शिकून १९७८मध्ये ती ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये आली. पारलिंगी कलावंत म्हटलं की घरच्यांनी हाकलून दिल्याची कथा आपण गृहीत धरतो. इथे तसं घडलं नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चाला वडिलांच्या चर्चचा हातभार लागला. १९८७मध्ये पॉल मन्रोशी तिचं लग्न झालं तेव्हा विधी वडिलांनीच केले आणि फोटो छायाचित्रकार नॅन गोल्डिनने काढले. तरीही मनोविकारांवरचे उपचार, अॅनोरेक्सिया हा खाण्याचा विकार आणि हेरॉइन यांनी तिचा पिच्छा सोडला नाही.

बाहुली ती आतून बाहेर घडवत असे. आधी तारेचा सांगाडा आणि वळणारे सांधे, त्यावर भराव, मग ताणून शिवलेलं कापड, त्यावर रंगाचे थर आणि शेवटी काचेचे डोळे. त्यामुळे बाहुली नुसती उभी राहत नसे. पाय मुडपून बसे, मान कलती करी, नटीसारखी पोझ देई. बरगड्या, गुडघे, गळ्याजवळची हाडं कापडाखालून जाणवत. दुकानातली बाहुली कपड्यांखाली सपाट असते. लँक्टनच्या बाहुल्यांना स्तन होते, लिंग होतं, कधी एकाच अंगावर दोन्ही. काही इतक्या कृश की बघवत नाहीत, काही सर्कशीच्या तंबूत शोभाव्यात इतक्या स्थूल.

याआधी १९३०च्या दशकात जर्मनीत हान्स बेलमर या कलावंताने मुलीच्या आकाराच्या बाहुल्या केल्या होत्या. त्यांचे अवयव सुटे करून, हवे तसे जोडून त्याने त्यांची छायाचित्रं काढली. तिथे बाहुली ही पाहणाऱ्याच्या हातातली वस्तू आहे. लँक्टनच्या बाहुल्यांचेही सांधे फिरतात, पण त्या आपल्याकडे रोखून पाहतात. त्यांचं शरीर विचित्र असेल, लाचार नाही.

लँक्टन काम करत होती त्या काळी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये भाडी कमी होती आणि पडक्या दुकानांतून गॅलऱ्या निघत होत्या. १९८१मध्ये पी. एस. १ या कलाकेंद्रातल्या ‘न्यूयॉर्क/न्यू वेव्ह’ या गाजलेल्या प्रदर्शनात लँक्टनचं काम लागलं; चित्रकार बास्कियाही त्याच प्रदर्शनात होता. मग ‘सिव्हिलियन वॉरफेअर’ या गॅलरीत तिची स्वतंत्र प्रदर्शनं झाली. पण तिचा खरा प्रेक्षक रस्त्यावरचा. मन्रोच्या ‘आइनस्टाइन्स’ या छोट्या दुकानाच्या काचेआड तिच्या बाहुल्या पोशाख आणि पवित्रे बदलत राहत. गॅलरीची पायरी कधी न चढलेला माणूसही तिथे थबके. जॅकी केनेडी, वॉरहॉलच्या चित्रपटांतली ट्रान्स अभिनेत्री कँडी डार्लिंग, फॅशन संपादिका डायना व्रीलँड यांच्याही बाहुल्या तिने केल्या. या सगळ्या प्रयत्नपूर्वक स्वतःला घडवलेल्या स्त्रिया. स्त्रीपण घडवावं लागतं, मग ती जन्माने कोणीही असो, हा तिचा मुद्दा होता. भाषण न देता सुईदोऱ्याने मांडलेला.

एड्सने हा परिसर पोखरून काढला. तिचे फोटो काढणारा पीटर हूजार १९८७मध्ये गेला, कलावंत डेव्हिड वोयनारोविच १९९२मध्ये. लँक्टन शिकागोला परतली. १९९५मध्ये व्हिटनी द्वैवार्षिक आणि व्हेनिस द्वैवार्षिक अशा दोन्ही मोठ्या प्रदर्शनांत तिचं काम होतं. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या ‘मॅट्रेस फॅक्टरी’ या संग्रहालयात तिने आपली शिकागोची खोली उभी केली. बाहुल्या, येशू, कँडी डार्लिंगचं देवघर, बिछान्यात पडलेली खंगलेली बाहुली आणि औषधांच्या बाटल्या. नाव दिलं, ‘इट्स ऑल अबाउट मी, नॉट यू’. हे सगळं माझ्याविषयी आहे, तुमच्याविषयी नाही, असं बजावून तिने कीव करायला आलेल्या प्रेक्षकाला दारातच अडवलं. प्रदर्शन उघडल्यानंतर महिन्याभरात, १८ नोव्हेंबर १९९६ रोजी, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ती गेली. वय अडतीस.

मृत्यूनंतर तिची उपेक्षा झाली. त्याला तिचं पारलिंगी असणं कारण होतंच, पण बाहुली हेही होतं. शिवणकाम, भरतकाम, बाहुल्या यांना कलाविश्व हस्तकलेच्या कप्प्यात ढकलतं. दगड आणि ब्राँझला जी इज्जत मिळते ती चिंधीला मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये तिच्या कामाचा समग्र आढावा घेणारं ‘लव्ह मी’ हे प्रदर्शन भरायला २०१४ साल उजाडलं. पिट्सबर्गची ती खोली मात्र २००९पासून संग्रहालयात कायमची आहे. लँक्टनची कागदपत्रं आणि छायाचित्रंही तिथेच जपलेली आहेत, तर १९७७ची तिची वही पुस्तकरूपाने निघाली आहे. वाचकांना एवढंच सांगणं आहे की तिच्या आयुष्याची कहाणी वाचण्याआधी तिच्या बाहुल्यांची छायाचित्रं पाहावीत. तिला विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या शिल्पकारांत जागा द्यायला त्या बाहुल्या पुरेशा आहेत.