साच्याबाहेरचे सुपरहिरो

सहा इंची सुपरहिरोची फिगर विकत आणायची, तिचे डोके काढून दुसरेच बसवायचे, तिसऱ्या फिगरचे हात जोडायचे, पुट्टीने नवा अंगरखा घडवायचा आणि मूळ रंगावर आपला रंग चढवायचा. ‘कस्टम’ या नावाने ओळखला जाणारा हा छंद पाहणाऱ्याच्या तोंडून बहुधा पहिले वाक्य निघते ते ‘चांगल्या खेळण्याची वाट लावली’ असे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. दुकानात मिळणारी फिगर ही मुळातच एक तडजोड असते. साच्याचा खर्च, रंगकामाला मिळणारा वेळ आणि विक्रीचे अंदाज यांनी ती ठरवलेली असते. कस्टम करणारा ती तडजोड नाकारतो, आणि नाकारताना कारखान्याचीच रीत वापरतो.

ही रीत समजायची तर साच्यापासून सुरुवात करावी लागते. अशा फिगर पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबून काढतात. साचा फार महाग पडतो, म्हणून एकदा केलेल्या साच्यातून जितकी पात्रे काढता येतील तितकी काढणे हे या धंद्याचे गणित आहे. 1966 मध्ये आयडियल या अमेरिकी कंपनीने ‘कॅप्टन अ‍ॅक्शन’ बाजारात आणला. एकच बाहुला, आणि त्याला चढवायचे मुखवटे व पोशाख वेगळे विकत घ्यायचे. सुपरमॅन आणि बॅटमॅन त्यात होतेच, शिवाय इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्या वाचकांच्या पिढ्यांना जवळचा झालेला फॅन्टमही होता. 1972 पासून मेगो कंपनीने आठ इंची सुपरहिरोंची मालिका काढली. तिच्यात शरीर बहुतेकांचे एकच, डोके आणि कापडी कपडे तेवढे निराळे. टॉय बिझने 2002 मध्ये सुरू केलेल्या आणि 2007 पासून हॅस्ब्रोकडे गेलेल्या ‘मार्व्हल लेजंड्स’मध्येही तेच धड रंग बदलून पुन्हा पुन्हा येते. आपल्याकडे 1987 मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलचा कारखाना गोव्यात होता. या कंपनीने हॅस्ब्रोच्या जुन्या साच्यांतून जी. आय. जो मालिकेतले सैनिक भारतात काढले, त्यांतल्या काहींना मूळ अमेरिकी फिगरपेक्षा अगदी वेगळे रंग दिले, आणि परदेशातले संग्राहक आज तेच नमुने आवर्जून शोधतात. धड तेच ठेवून पात्र बदलणे हा कंपन्यांचाच जुना उद्योग आहे. घरी बसून तेच करणाऱ्याला मोडतोड करणारा म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

फरक एवढाच की कोणाला फिगर मिळावी आणि कोणाला नाही, हे कंपनी विक्रीच्या अंदाजावर ठरवते. हे अंदाज किती आंधळे असू शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण 2015 चे आहे. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन’ या चित्रपटात ब्लॅक विडो विमानातून मोटरसायकलवर बसून खाली झेपावते. त्या प्रसंगावर हॅस्ब्रोने काढलेल्या खेळण्यात मोटरसायकलवर बसला होता कॅप्टन अमेरिका. प्रसंग जिचा, तीच गायब. चित्रपटात हल्क साकारणाऱ्या मार्क रफेलोने तेव्हा आपल्या मुली आणि भाच्यांसाठी ब्लॅक विडोची खेळणी काढा, अशी जाहीर विनंती मार्व्हलला केली होती. पुढच्याच वर्षी ‘आयर्न मॅन 3’चा दिग्दर्शक शेन ब्लॅक याने मुलाखतीत सांगितले की त्या चित्रपटातली मुख्य खलनायिका बदलून पुरुष करावी लागली, कारण स्त्री पात्राची खेळणी कमी खपतील असे मार्व्हल कंपनीचे मत होते. म्हणजे खेळण्याच्या हिशेबाने पटकथाच बदलली. अशा वेळी एखादा बाप किंवा आई दुसऱ्या फिगरचे धड घेऊन, डोके बदलून, रंगवून मुलीला हवी ती नायिका करून देते, तेव्हा बाजाराने केलेली एक चूक घरापुरती तरी दुरुस्त होते. दोन अंकांपुरत्या आलेल्या किंवा फक्त जुन्या पोशाखात शोभणाऱ्या पात्रांचेही असेच आहे. कंपनीला ती परवडत नाहीत, पण वाचकाला ती आठवत असतात.

यात कला काय, असे विचारणाऱ्याने कामाकडे जरा जवळून पाहावे. सुरुवात पात्रापासून नव्हे, धडापासून होते. खांद्यांची रुंदी, उंची, सांधे कुठे आहेत आणि कोणता भाग कोणत्या फिगरवरून घेता येईल, हे आधी हेरावे लागते. तुटक्या, स्वस्तात मिळालेल्या फिगर सुट्या भागांसाठी जमवतात, त्यांना या छंदात ‘फॉडर’ म्हणतात. डोके बहुधा मऊ पीव्हीसीचे असते. ते गरम पाण्यात धरले की सैल होते आणि मानेच्या गोळ्यावरून अलगद निघते. थंड असताना ओढले तर मानेची खुंटी तुटते. नवा अवयव घडवायला दोन भाग मळून घट्ट होणारी एपॉक्सी पुट्टी वापरतात. गळक्या पाइपला लावायचे एम-सील याच जातीचे आहे, फक्त ते लवकर घट्ट होते, त्यामुळे बारीक कोरीव कामाला सावकाश घट्ट होणारी पुट्टी बरी. खरी परीक्षा सांध्याची असते. गुडघ्याचे दोन भाग एकमेकांवर घासतात, तेथे रंगाचा थर चढला की पहिल्याच हालचालीत तो खरवडला जातो. म्हणून आधी सांधा उकलून, आतल्या बाजूने पॉलिश पेपरने थोडा घासून रंगाला जागा करायची, मग अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर एकावर एक द्यायचे. स्प्रेचे काही रंग आणि व्हार्निश मऊ पीव्हीसीवर कायमचे चिकट राहतात, कारण त्या प्लॅस्टिकला मऊ ठेवणारी द्रव्ये रंगात उतरतात. प्लॅस्टिक, रंग आणि शरीररचना या तिन्हींचे ज्ञान एकाच कामात लागते. मोठ्या माणसांचा हा पोरखेळ आहे, या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा: डबा फोडला, रंग बदलला की फिगरची किंमत गेली. मोजक्या बाबतीत ते खरे आहे. मेगोच्या काळातला न उघडलेला नमुना कापणे मलाही मान्य नाही. असे नमुने थोडे उरले आहेत आणि ते जपायलाच हवेत. पण कस्टमसाठी वापरतात त्या बहुतेक फिगर हजारोंनी निघालेल्या, हात मोडलेल्या, रंग उडालेल्या असतात. भारतात तर हा मुद्दा अधिक लागू पडतो. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले. परदेशी फिगर इतकी महाग पडत असताना तुटकी फिगर फेकून देण्यापेक्षा तिच्यातून नवे पात्र घडवणे केव्हाही शहाणपणाचे.

हक्कांचा प्रश्न मात्र गंभीर आहे. पात्रे कंपन्यांची आहेत, मग त्यांना हात लावायचा अधिकार कोणाला? विकत घेतलेली वस्तू रंगवून आपल्या कपाटात ठेवली तर सहसा कोणी अडवत नाही; आपल्या कॉपीराइट कायद्यातही खासगी वापरासाठी उचित वापराची सवलत आहे. बार्बीचे रूप पार पालटून विकणाऱ्या एका स्त्रीविरुद्ध बार्बी काढणारी मॅटेल कंपनी कोर्टात गेली, तेव्हा 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल द्यायला नकार दिला. बदललेली बाहुली मूळ बाहुलीचे गिऱ्हाईक पळवील, हे न्यायाधीशांना पटले नाही. तो निकाल इथे बंधनकारक नाही आणि प्रत्येक कस्टमला तो लागूही पडणार नाही. पण दुसऱ्याने घडवलेल्या डोक्याचा सिलिकॉनमध्ये साचा घेऊन त्याच्या प्रती विकणे ही चोरीच आहे, मग ते डोके कंपनीचे असो वा एखाद्या छंदिष्टाचे. थ्री-डी प्रिंटर आल्यापासून ही चोरी सोपी झाली आहे. प्रिंटरने हातकाम संपवले असे मात्र मला वाटत नाही. छापून निघालेले डोके घासावे, जोडावे, रंगवावे लागतेच, आणि डोळे तर अजूनही बारीक ब्रशनेच काढावे लागतात.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी घरातल्या एखाद्या मोडक्या फिगरपासून सुरुवात करावी. पुट्टी किंवा छापील डोक्याचे रेझिन घासताना तोंडावर मास्क हवाच, न सुकलेल्या रेझिनला उघडा हात लावू नये आणि खिडकी उघडी ठेवावी. पुढे कधी काम विकायची वेळ आली, तर ते कस्टम आहे आणि कोणत्या फिगरचे कोणते भाग त्यात वापरले आहेत, हे घेणाऱ्याला आधीच लेखी सांगावे.