सर्व्हर आहे, पण सांभाळायचा नाही!

वर्षातील बहुतेक दिवस जेमतेम वर्दळ असलेल्या संकेतस्थळावर निकालाच्या दिवशी तासाभरात लाखो विद्यार्थी धाव घेतात. त्या एका तासासाठी मोठे सर्व्हर वर्षभर पोसायचे की ऐनवेळी संकेतस्थळ कोलमडू द्यायचे, हा संगणक विभागांपुढील जुना पेच. त्यातून निघालेली एक वाट म्हणजे 'सर्व्हरलेस' पद्धत.

हे नाव थोडे फसवे आहे. सर्व्हर नाहीसा होत नाही. तो क्लाऊड कंपनीकडे असतो आणि त्याची देखभालही तीच करते. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लॅम्डा' ही सेवा जाहीर केली. पाठोपाठ मायक्रोसॉफ्ट आणि गुगल यांनीही अशाच सेवा आणल्या. अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतील केंद्रातूनही ती आज उपलब्ध आहे.

घटना घडली की काम सुरू

या पद्धतीत प्रोग्रामर एकाच कामापुरता छोटा प्रोग्राम, म्हणजे 'फंक्शन', लिहितो आणि ते कोणत्या घटनेवर चालावे हे ठरवून देतो. समजा, ग्राहकाने छायाचित्र साठवणीत टाकले. ही झाली घटना. साठवण सेवा त्या फाइलचे नाव व जागा सांगणारा निरोप पाठवते, फंक्शन जागे होते, छायाचित्राची लहान प्रत बनवते आणि थांबते. एकाच वेळी शेकडो छायाचित्रे आली, तर फंक्शनच्या तितक्या प्रती उभ्या राहतात.

आकारणी रिक्षाच्या मीटरसारखी असते. लॅम्डामध्ये किती वेळा बोलावले, किती मेमरी दिली आणि किती वेळ लागला, यावर बिल ठरते. डिसेंबर २०२० पासून हा वेळ एक मिलिसेकंदाच्या हिशेबाने मोजला जातो. काम नसेल, तर फंक्शनचे बिलही नाही.

मर्यादा आणि सापळे

मात्र, प्रत्येक कामाला ही पद्धत मानवत नाही. लॅम्डाचे एक फंक्शन एका वेळी जास्तीत जास्त १५ मिनिटे चालते. बराच वेळ निजलेल्या फंक्शनला जागे होण्यास थोडा अवधी लागतो. त्याच्या मेमरीतील माहिती पुढच्या वेळी मिळेलच असे नाही; म्हणून जपायची माहिती डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. शिवाय, फंक्शने हजारांनी वाढली तरी मागचा डेटाबेस तितका ताण सोसेलच असे नाही. तेथे निरोपांची रांग लावणारी सेवा मध्ये ठेवणे शहाणपणाचे.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, एकच निरोप दोनदा येऊ शकतो. फंक्शन पैसे वळते करणारे असेल, तर ग्राहकाच्या खात्यातून रक्कम दोनदा जाईल. यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देणे आणि तो आधी पूर्ण झाला आहे का, हे तपासणे. दुसरा धोका चक्राचा. लहान केलेले छायाचित्र त्याच साठवणीत परत ठेवले, तर ती नवी घटना ठरते, फंक्शन पुन्हा धावते आणि मीटर पळत राहते. मूळ व तयार फाइलींसाठी वेगळ्या साठवणी ठेवल्या की हे टळते.

खर्चाची मर्यादा ओलांडताच इशारा देणारी सोयही पहिल्याच दिवशी सुरू करावी. सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी कंपनीवर सोपवता येते. विचारपूर्वक आखणी करण्याची मात्र आपलीच राहते.