मेंढपाळाचे पाय आणि आईची खुर्ची

शिफ्ट, डेडलाइन, ट्रॅफिक... घरातले सगळे एकाच वेळी, एकाच टेबलावर शेवटचे कधी जेवलात? आठवत नसेल, तर या रविवारी हे करून बघा. रेसिपी सोबत आहेच!

"शेफर्ड्स पाय? म्हणजे पाया सूपच ना ते?" बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं.

"नाही हो बाबा. पी-आय-ई, पाय. खाली खिमा, वर बटाटा आणि ओव्हनमध्ये भाजायचं."

"मेंढपाळाचे पाय," आईने भाषांतर करून टाकलं आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

तर, आमच्या घरात इंग्लंडची एन्ट्री अशी झाली. निमित्त होतं धाकट्या भावाचं. त्याला पुण्यात जॉब लागला होता आणि सोमवारी सकाळच्या बसने तो निघणार होता. त्या आठवड्यात माझ्या एकदम लक्षात आलं, की आम्ही चौघं एकत्र बसून कधी जेवलो होतो हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाहीये. बाबांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये गेली. आता रिटायर झालेत, पण पोटातलं घड्याळ अजून शिफ्टचंच. साडेसातला ताट हवं म्हणजे हवं. भाऊ नऊला जेवणार, तेही मोबाइल ग्लासला टेकवून. मी फ्रीलान्सर, म्हणजे साडेदहा-अकरा आणि समोर लॅपटॉप.

आणि आई? ती सगळ्यांच्या नंतर. गरम पोळीचा फंडाच असा आहे. एक तव्यावर फुगते, एक ताटात पडते आणि लाटणारं माणूस ओट्यापाशीच उभं राहतं. आमच्या डायनिंग टेबलला खुर्च्या चार आहेत, पण चौथीवर कायम इस्त्रीचे कपडे. कुणाला कधी त्याचं काही वाटलंच नाही. मलाही नाही.

मग म्हटलं, एक दिवस पोळीच नको. असं काहीतरी करू जे जेवणाआधीच पूर्ण होतं, एका भांड्यात टेबलावर येतं आणि गरम असतानाच सगळ्यांनी मिळून संपवायचं असतं.

साहेबांचा कुस्करा

शेफर्ड्स पाय हा काही राजवाड्यातला पदार्थ नाही बरं का! ब्रिटन-आयर्लंडमधल्या साध्या घरांतला हा जुगाड. रविवारी भाजलेलं मटण उरलं, की ते बारीक करायचं, वर बटाट्याचा थर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरमागरम जेवण तयार. आपण रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा करतो ना, अगदी तसंच. 'कॉटेज पाय' हे नाव १७९१ पासून लिखाणात सापडतं, 'शेफर्ड्स पाय' हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं. आता तिथले शौकीन काटेकोरपणे सांगतात, की मेंढीचं मटण असेल तर शेफर्ड्स आणि बीफ असेल तर कॉटेज. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं, त्यामुळे आपला मेंढपाळ थोडा वेगळा. चालतंय की!

तसं पाहिलं तर खिमा-बटाटा ही जोडी आपल्याला नवी थोडीच आहे? इराणी हॉटेलातलं खिमा पॅटिस किंवा गोव्यातले बटाटा चॉप म्हणजे उलटा शेफर्ड्स पायच, बटाटा बाहेर आणि खिमा आत.

आणि आमचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद, हे तर नान खलियाचं शहर. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथे आला, असं सांगतात. मोठ्या देगेत शिजलेला मटणाचा खलिया, सोबत नान आणि बसलेल्या सगळ्यांना एकदम वाढलेलं. आता फौजेला एकेक गरम पोळी कोण लाटून घालणार? म्हणजे बघा, एका भांड्यातल्या जेवणाचं लॉजिक आमच्या शहराला आधीपासून माहीत आहे. घराघरात शिरायचंच काय ते राहिलंय.

मिशन खिमा

रविवारी सकाळीच खिमा आणला, जाडसर. फार बारीक खिमा शिजल्यावर पेस्टसारखा लागतो. पहिली चूक दुपारी झाली. खिमा शिजला, पण रस्सा केवढा! "यावर बटाटा ठेवलास तर बुडेल," आई मागून म्हणाली. मग मोठ्या आचेवर आटवला, चमचाभर मैदा लावला, तेव्हा कुठे तो दाट झाला.

दुसरी चूक होता होता वाचली. उकडलेले बटाटे मी मिक्सरमध्ये टाकणार, तेवढ्यात आईने हात धरला. मिक्सरच्या पात्याने बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि मॅशचा डिंक होतो. बटाटा गरम असताना हाताने कुस्करायचा आणि त्यात बटर आणि गरम दूध घालायचं. आईला 'स्टार्च' हा शब्द लागला नाही. "चिकट होतं ते," एवढंच म्हणाली.

काचेचं बेकिंगचं भांडं आमच्याकडे नव्हतं, म्हणून केकचं ॲल्युमिनियमचं घेतलं. खाली खिमा, वर बटाटा, काट्याने रेघोट्या, वर किसलेलं चीज. आठ वाजता भांडं छोट्या ओव्हनमध्ये गेलं. बाबांना साडेसातचं ताट मिळालं नव्हतं, त्यामुळे ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते.

आणि आठ वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

चीज नुकतं वितळायला लागलेलं. वरचा थर पांढराफटक. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी ते भांडं बघत बसले. रडूच यायचं बाकी होतं. भाऊ म्हणाला, "ताई, असंच खाऊ ना, शिजलंय तर सगळं."

आई काही बोलली नाही. तिने दांड्याचा लोखंडी तवा गॅसवर ठेवला, मोठ्या आचेवर. चांगला रसरशीत तापल्यावर तो बोटभर अंतरावरून बटाट्यावर धरला, अजिबात न टेकवता. चीज चुरचुरलं. रेघोट्यांचे कंगोरे आधी सोनेरी झाले, मग खरपूस. असा तीनदा तवा तापवला. घरभर वास!

नंतर वाचलं, की इंग्लंडच्या जुन्या स्वयंपाकघरांत नेमकं हेच करत. लांब दांड्याची लोखंडी चकती विस्तवात तापवायची आणि पदार्थावर धरून वरचा थर भाजायचा. त्या चकतीला म्हणायचे 'सॅलमँडर'. आजही हॉटेलांच्या किचनमध्ये वरून भाजणाऱ्या मशीनला तेच नाव आहे. आईला सांगितलं, तर म्हणाली, "मग ओव्हन कशाला घेतलास?"

चौथी खुर्ची

भांडं टेबलावर आलं. एका वाटीत मेणबत्ती. भावाने चौथ्या खुर्चीवरचे कपडे उचलून सोफ्यावर टाकले. आई बसली आणि लगेच उठली. "दोन पोळ्या टाकू का पटकन?"

"आई, कणीक फ्रीजमध्ये ठेव आणि बस."

ती बसली. पाच मिनिटांनी पुन्हा उठली, मीठ आणायला. मीठ टेबलावरच होतं. बाबांनी तिच्या ताटात पहिला चमचा वाढला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. लाईट नव्हती, म्हणजे टीव्ही नाही, वायफाय नाही. भावाने त्याच्या कॉलेजमधल्या सरांची नक्कल केली आणि आम्ही सगळे खो-खो हसलो. आई सगळ्यात जास्त.

मग ती सहज म्हणाली, "तुम्ही इथे हसता ना, तेव्हा मी आतून विचारते, काय झालं रे? कुणीतरी सांगायला लागतं, तोवर पुढची पोळी फुगते. सगळे जोक मला अर्धेच माहितीयत."

टेबलावर एकदम शांतता. तिने तक्रार केली नव्हती, गंमत म्हणून सांगितलं होतं. माझं वय अठ्ठावीस. म्हणजे अठ्ठावीस वर्षांचे अर्धे जोक.

भाऊ म्हणाला, "कुठला जोक राहिलाय सांग." आणि त्याने जुने किस्से एकेक करून पुन्हा सांगितले. काही त्यातले भयंकर फालतू होते. लाईट कधी आली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. भांडं मात्र चाटूनपुसून साफ झालं. "पाय बरा होता," बाबा म्हणाले. बाबांच्या भाषेत ही पाच स्टार रेटिंग!

सकाळी भाऊ गेला. दुपारी बघते तर चौथ्या खुर्चीवर पुन्हा इस्त्रीचे कपडे. मी उचलले आणि कपाटात ठेवले. तेव्हापासून रोज उचलते. आता आठवड्यातून एकदा आमच्याकडे 'नो पोळी डे' असतो. कधी पाय, कधी मसालेभात, कधी नुसती खिचडी-कढी. मुद्दा मेन्यूचा नाहीये.

तुमच्या घरातही असेल ना अशी एक खुर्ची? बघा जरा, तिच्यावर काय ठेवलंय ते.

किचन कट्टा: शेफर्ड्स पाय (चौघांसाठी)

साहित्य: मटण खिमा अर्धा किलो, बटाटे पाऊण किलो, कांदे २, गाजर १, मटार अर्धी वाटी, टोमॅटो १, आलं-लसूण पेस्ट १ चमचा, तमालपत्र १, मैदा १ चमचा, सोया सॉस १ चमचा, बटर ५० ग्रॅम, गरम दूध अर्धी वाटी, चीज क्यूब २, मिरपूड, मीठ, तेल.

कृती: तेलात तमालपत्र, कांदा, आलं-लसूण परता. खिमा घालून रंग बदलेपर्यंत मोठ्या आचेवर परता. टोमॅटो, गाजर, मीठ, मिरपूड घाला आणि थोडं पाणी घालून झाकणाखाली २५ मिनिटं शिजवा. मटार आणि सोया सॉस घाला. मैदा पाण्यात कालवून लावा आणि दाट होऊ द्या. भांड्यात पसरून थोडं गार करा, म्हणजे बटाटा खाली बसत नाही. बटाटे उकडून, पाणी निथळून, गरम असतानाच बटर-दुधात कुस्करा. कडेपासून सुरुवात करून थर द्या, काट्याने रेघोट्या ओढा, चीज किसा. २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं. ओव्हन नाही? तापलेला लोखंडी तवा आहे ना!

व्हेज व्हर्जन: श्रावणात किंवा गुरुवारी खिम्याऐवजी शिजवलेला अख्खा मसूर घ्या. झक्कास लागतो.

वाढताना: सोबत पाव किंवा काकडीची कोशिंबीर. पोळ्या नकोत. ज्याने केलं, त्यानेही बसायचं!